लोणारचें तळें आणि लोणारचें गांव

वऱ्हाडांत मेहकराहून दक्षिणेची वाट धरली म्हणजे सुमारें सात कोसांवर लोणार लागतें. वाटेंत घाट नाहीं, मोठी नदी नाहीं, नजरेंत भरेल असा डोंगर नाहीं. दोहों बाजूंस काळी व मुरमाड जमीन, ज्वारी-कपाशीचीं आणि अलीकडे सोयाबीनचीं शेतें, मधून मधून निंबाबाभळींचीं झाडें, असा वऱ्हाडचा सर्वपरिचित देखावा शेवटपर्यंत सोबत करतो. गांव येतें, तेंही चारचौघांसारखेंच. बाजार, कचेरी, शाळा, मोटारींचा थांबा, सारें कांहीं आहे. पण ज्या तळ्यासाठीं दूरदूरचे लोक येथें येतात तें तळें कोठेंच दिसत नाहीं. नवखा माणूस अशा वेळीं हटकून विचारतो, आणि गांवकरी हटकून हंसतात. घरांची शेवटची ओळ मागें टाकून थोडा चढाव चढलें, कीं एकाएकीं पायांखालची जमीन संपते आणि सुमारें दीडशें मीटर खोल अशी एक प्रचंड वाटी समोर उघडी पडते. वाटीच्या उतारावर दाट झाडी, झाडींत जुन्या देवळांचीं शिखरें, आणि अगदीं तळाशीं हिरवट रंगाचें, जवळ जवळ वाटोळें, निश्चल पाणी.

ह्या वाटीचें तोंड एका कांठापासून दुसऱ्या कांठापर्यंत सुमारें १.८ किलोमीटर रुंद आहे. कांठाकांठानें फेरी घालावयाची म्हटलें तर साडेपांच-पावणेसहा किलोमीटर चालावें लागतें. खालच्या पाण्याचा विस्तार सुमारें १.२ किलोमीटर, खोली मात्र फारशी नाहीं, थोड्याच मीटरांची. आकड्यांनीं लोणारचें नवल सांगून संपत नाहीं. खरें नवल असें, कीं ह्या एकाच वाटींत दोन जातींचें पाणी आहे. वरच्या कांठावर बारमहा वाहणारी गोड्या पाण्याची धार आहे, आणि तळाशीं ओठांस लावतां येणार नाहीं असें खारें पाणी आहे. लोणारचा आजवरचा इतिहास, तेथील देवधर्म, व्यापार, शेती, आणि आतां उभी राहिलेली काळजी, हीं सारीं ह्या दोन पाण्यांच्या संबंधांतून निघालीं आहेत.

नांवापासूनच आरंभ करावा. लवण म्हणजे मीठ; त्यावरून लोण, आणि त्यावरून लोणार. कथाही नांवाला धरूनच आहे. लवणासुर नांवाचा दैत्य जमिनीखालीं गुहा करून राहत असे व भोंवतालच्या प्रदेशास पीडा देई. देवांच्या विनंतीवरून विष्णूनें सुंदर पुरुषाचें रूप घेतलें, दैत्याच्या बहिणींकडून त्याच्या लपण्याची जागा काढून घेतली, पायाच्या अंगठ्यानें गुहेवरचें झांकण उडविलें आणि त्याचा वध केला. तें झांकण दूर ढांकेफळजवळ जाऊन पडलें, तीच तेथील टेकडी. दैत्याचें रक्त तें तळ्याचें पाणी आणि त्याचें मांस तो तळ्यांतला खार, असें सांगणारे सांगतात. कथा म्हणून ती ऐकावी. पण एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. हा खड्डा साधा नव्हे, येथें कांहींतरी जबरदस्त घडलें आणि वरची जमीन उडून दूर पडली, इतकें त्या कथाकारांच्या नजरेंतून सुटलें नव्हतें. पुढें शहाण्यासुरत्या पंडितांना तेवढें कळावयास फार वेळ लागला.

ह्या विष्णूचें, म्हणजे दैत्यसूदनाचें, देऊळ लोणार गांवांत आहे. चालुक्य-यादवकाळच्या दाक्षिणात्य शिल्पाचा तो एक उत्तम नमुना होय. देवळाची बाहेरची बाजू सरळ नसून ताऱ्याच्या कोनांसारखी मोडत मोडत गेलेली आहे, आणि त्या प्रत्येक मोडीवर मूर्ति कोरलेल्या आहेत. छतावर पुराणप्रसंग आहेत. ते नीट पाहावयाचे तर मान दुखेपर्यंत वर पाहावें लागतें. शिखर मात्र नाहीं. वऱ्हाडांत असलीं देवळें पाहिलीं कीं लोक तीं हेमाडपंती म्हणून मोकळे होतात. हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकांतला, आणि त्याच्या नांवावर खपणारीं कित्येक देवळें त्याच्या जन्मापूर्वीचीं आहेत. त्याच शतकांत महानुभाव पंथाचे संस्थापक श्रीचक्रधरस्वामी लोणारास आले होते, हें लीळाचरित्रावरून कळतें. म्हणजे आठ शतकांपूर्वींही लोणार हें आडवाटेवरचें अनोळखी खेडें नव्हतें.

दैत्यसूदनाच्या देवळांत दगड आणि शिल्प आहे. लोणारचा प्राण मात्र धारेंत आहे. वाटीच्या ईशान्य कांठावर, गांव संपतें तेथेंच, गोमुखांतून पाण्याचा झोत कुंडांत पडतो. उन्हाळ्यांत वऱ्हाडांतल्या विहिरी तळ गांठतात, नद्यांच्या पात्रांत वाळू तापते. पण धारेचें पाणी पडतच राहतें. लोक ही गंगाच मानतात, तिच्याखालीं स्नान करतात, पर्वाच्या दिवशीं तेथें उभें राहावयासही जागा मिळत नाहीं. ह्या धारेचें कारण गूढ नाहीं. दख्खनचा काळा पाषाण हा एकसंध नसून थरावर थर असा रचलेला आहे. कांहीं थर घट्ट, कांहीं सच्छिद्र व भेगाळलेले. भोंवतालच्या शेतांवर पडलेला पाऊस भेगांतून मुरतो, घट्ट थर लागला कीं आडवा सरकूं लागतो, आणि जेथें ह्या वाटीच्या भिंतीनें ते थर मधूनच कापले गेले आहेत तेथें उघड्यावर येतो. धार हें म्हणजे गांवोगांवच्या शेतांत मुरलेलें पावसाचें पाणी होय. शेतांत जें टाकावें तें त्या पाण्यांतून थोडें फार येणारच, ही गोष्ट ह्यावरून उघड होते. तिचा विचार पुढें येईलच.

धारेपासून पायवाट खालीं उतरते. उतारावर साग, चिंच, निंब, बाभूळ, सीताफळ ह्यांची गर्दी आहे. मोर दिसतात, वानरांच्या टोळ्या तर यात्रेकरूंच्या हातांतला प्रसाद हिसकावण्यांत पटाईत आहेत. वर रखरखीत ऊन आणि खालीं ओलसर सांवली, असा हा पालट अर्ध्या घटकेंत अनुभवास येतो. वाटेंत व पाण्याच्या कांठानें जुनीं देवळें विखुरलीं आहेत, डझनाहून अधिक. कोणाचें छत पडलें आहे, कोणाच्या भिंतींतून पिंपळ उगवला आहे, कोणांत वटवाघुळांनीं वस्ती केली आहे. रामगया, पापहरेश्वर, यज्ञेश्वर, कुमारेश्वर हीं नांवें लोकांच्या तोंडीं आहेत. पूजा मात्र बहुतेकांतली खंडली आहे. अपवाद एक, तो म्हणजे अगदीं पाण्याच्या कडेला असलेली कमळजादेवी. गांवाची ती खरी देवता; नवरात्रांत लोणारचें सारें गांव ती वाट उतरून तिच्या दर्शनास जातें.

कमळजेच्या देवळासमोर एक विहीर आहे, तिला सासूसुनेची विहीर म्हणतात. तिच्या एका अंगाचें पाणी गोडें आणि दुसऱ्या अंगाचें खारें, म्हणून हें नांव. सासू कोणती आणि सून कोणती ह्याविषयीं बायकांत एकमत नाहीं. डोंगराकडून झिरपणारें गोडें पाणी आणि तळ्याकडून येणारें खारें पाणी येथें हातभर अंतरावर भेटतात. तळें चढलें कीं विहीर पाण्याखालीं जाते, उतरलें कीं पुन्हां उघडी पडते. ज्याला लोणारचें रहस्य थोडक्यांत पाहावयाचें असेल त्यानें ही विहीर पाहावी.

आतां खाऱ्या पाण्याकडे वळूं. समुद्र येथून शेंकडों किलोमीटर दूर. मग हें पाणी खारें कां? घरांत रोज पाणी तापविण्याच्या बंबाच्या किंवा तपेल्याच्या तळाशीं पांढरा थर बसतो, तो कशानें बसतो ह्याचा विचार केला तर उत्तर सांपडतें. पाण्याची वाफ होते, त्यांत विरघळलेला क्षार मागें राहतो. लोणारच्या वाटींत पाणी येण्यास झरे आहेत, पाऊस आहे. पण बाहेर जाण्यास एकही वाट नाहीं. जें जातें तें वाफ होऊनच. खडकांतून झिरपतांना पाण्यानें आणलेला अंश अंश क्षार हजारों वर्षें तळाशीं सांचत आला. त्यांत खाण्याचें मीठ आहे, आणि धुण्याच्या सोड्याचा अंश आहे. पाण्याची अल्कता मोजण्याचें जें आधुनिक माप आहे त्यांत शुद्ध पाण्याचा अंक ७ धरतात. लोणारचा अंक दहाच्या आसपास येत आला आहे. अशा पाण्यांत मासा जगत नाहीं. पण तें निर्जीव मात्र नाहीं. सूक्ष्म शेवाळ त्यांत अमाप माजतें, त्यानेंच पाणी हिरवें दिसतें. शेवाळावर आणि कांठच्या कीटकांवर पक्ष्यांची गुजराण चालते. लांब पायांचे शेकाटे उथळ पाण्यांत चालतांना दिसतात, हिवाळ्यांत चक्रवाकांच्या जोड्या उतरतात.

हा खार माणसांनीं फार जुन्या काळापासून उपयोगांत आणला. सन १५९६ मध्यें वऱ्हाड अकबराच्या ताब्यांत गेलें. त्याचा मंत्री अबुल फजल ह्यानें ऐने-अकबरींत वऱ्हाड सुभ्याचें वर्णन करतांना मेहकर सरकारांतील लोणारचा उल्लेख केला आहे. कांच आणि साबण करण्यास लागणारे सर्व जिन्नस येथें निघतात, त्यांवरील जकातीनें सरकारास चांगलें उत्पन्न होतें, आणि खाऱ्या पाण्याबरोबर गोडें पाणीही येथें आहे, असें तो सांगतो. बादशाही दरबारांत बसून हिशेब लिहिणाऱ्या त्या माणसालाही दोन पाण्यांची नोंद करावीशी वाटली, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

उन्हाळ्यांत तळें आटूं लागलें, पाणी मागें सरलें, कीं खार काढण्याचा हंगाम सुरू होई. सगळा खार एका जातीचा नसे. दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशीं त्याचीं वेगवेगळीं नांवें होतीं. कोणांत सोडा अधिक, कोणांत मीठ अधिक. कोणी खडा, कोणी पापुद्रा, कोणी नुसता भुगा. हा भेद जाणणारीं माणसें नुसत्या नजरेनें व जिभेनें जात ओळखीत. कांच व बांगड्या करणारा, साबण करणारा, कापड धुणारा व रंगविणारा, औषधें करणारा वैद्य, प्रत्येकाची गरज निराळी. घरोघरच्या गृहिणींना पापडासाठीं खार लागे. मिसर देशांत नाईल नदीच्या पश्चिमेस नत्रूनचीं तळीं आहेत. तेथील खार काढून प्राचीन मिसरी लोक प्रेतें टिकवीत व कांच करीत. पूर्व आफ्रिकेंत मगाडीच्या तळ्यावर असला सोडा आजच्या काळांतही काढला जातो. लोणारचें तळें त्यांच्याच कुळांतलें, फक्त आकारानें लहान.

हा धंदा पुढें कां बसला, ह्याचें उत्तर लोणारांत शोधून मिळणार नाहीं. तें बेल्जममध्यें आहे. सन १८६१ मध्यें अर्नेस्ट साल्वे नांवाच्या गृहस्थानें मीठ, चुनखडी व अमोनिया ह्यांपासून सोडा करण्याची स्वस्त रीत सिद्ध केली. त्या रीतीनें निघणारा सोडा शुभ्र, एकजात आणि पोत्यांनीं मिळणारा. आगबोटींतून तो मुंबईस उतरूं लागला, आगगाडीनें वऱ्हाडांत येऊं लागला. चिखलांतून हातांनीं काढलेल्या, प्रत्येक मोसमांत निराळ्या उतरणाऱ्या दल्ल्याचा त्याच्यापुढें काय टिकाव लागणार? काठेवाडांत मिठापूर येथें सन १९३९ मध्यें टाटांचा रसायनांचा कारखाना निघाला, तेव्हांपासून ह्या देशांतच मोठ्या प्रमाणावर सोडा होण्याचा मार्ग मोकळा झाला. लोणारचे खार हळूहळू व्यवहारांतून नाहींसे झाले, आणि त्यांच्या जाती ओळखणारी ती जीभही त्यांच्याबरोबर गेली. पुस्तकांत पांच नांवें उरलीं. दल्ला कोणता आणि खुप्पल कोणता, हें हातांत घेऊन दाखविणारा माणूस आज भेटणें दुर्मिळ.

इकडे धंदा ओसरत असतां दुसरीकडे तळ्याच्या उत्पत्तीचा वाद वाढत होता. सन १८२३ मध्यें अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें हें विवर पाहिलें व त्याची माहिती युरोपियनांस झाली. त्यानंतर जो भूगर्भशास्त्रज्ञ येई तो भोंवतालचा काळा अग्निजन्य खडक पाही व ज्वालामुखीचें तोंड म्हणून निकाल देई. खडक ज्वालामुखीचा हें खरेंच होतें. तो सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं थरांथरांनीं पसरला. परंतु विवर त्या मानानें अगदीं ताजें आहे. कोणी म्हणत, वाफेच्या स्फोटानें जमीन उडाली. कोणी म्हणत, ती खचली. सन १८९६ मध्यें गिल्बर्ट ह्या अमेरिकन पंडितानें आपल्या देशांतील ॲरिझोना प्रांतांतल्या एका विवराचा विचार करतांना लोणारचा दाखला दिला. दोन्हीं विवरें एका घडणीचीं आहेत हें त्यानें अचूक ओळखलें. पण दोन्हीं वाफेच्या स्फोटानें झालीं असावीं, असा कौल दिला. साम्य बरोबर, अनुमान चूक. शाळेंत कित्येक मुलांचें गणित असेंच असतें. रीत बिनचूक असते आणि उत्तर चुकतें. पुढें ॲरिझोनाचें विवर उल्केच्या आघातानें झालें असें सिद्ध झालें, तेव्हां लोणारकडेही त्या नजरेनें पाहणें भाग पडलें.

पुरावा जमिनीच्या पोटांत होता. तळ्याच्या तळाशीं सुमारें शंभर मीटर जाडीचा गाळ आहे. त्याखालीं विंधणें घेऊन खडकाचे नमुने वर काढण्यांत आले, आणि त्यांतील स्फटिक विलक्षण दाबानें जागच्या जागीं कांचेसारखे झालेले आढळले. असला दाब ज्वालामुखींत उत्पन्न होत नाहीं. आकाशांतून प्रचंड वेगानें येऊन आदळणाऱ्या पाषाणानेंच होतो. कांठाभोंवतीं विखुरलेल्या मातींत कांचेचे बारीक गोळेही सांपडले. सन १९७३ मध्यें भारतीय व अमेरिकन शास्त्रज्ञांनीं मिळून हा निष्कर्ष प्रसिद्ध केला आणि दीडशें वर्षांच्या वादाचा निकाल लागला. सन १९७९ मध्यें भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानें विवरास राष्ट्रीय भूवारसा-स्मारकाचा मान दिला. चंद्रावरील काळीं मैदानें असल्याच खडकाचीं आहेत; म्हणून चंद्रावरच्या विवरांचा अभ्यास करणारांस लोणार हें घराजवळचें उदाहरण झालें. विवराचें वय मात्र अजून चर्चेंत आहे. एका रीतीनें तें ५२,००० वर्षें निघालें, तर अलीकडच्या दुसऱ्या रीतीनें सुमारें ५,७०,००० वर्षें. दहापटीहून अधिक अंतर! दैत्य, गुहा आणि उडालेलें झांकण ह्यांची कथा मात्र आतां तितकी हास्यास्पद वाटत नाहीं.

गांवापासून पाऊण-एक किलोमीटरवर अंबर तळें म्हणून दुसरें लहानसें विवर आहे. त्याच आघाताचा एखादा तुकडा तेथें पडला असावा असें कांहींचें मत आहे. सर्वांस तें मान्य नाहीं. त्याच्याजवळ निजलेल्या मारुतीची सुमारें नऊ फूट लांबीची मूर्ति आहे, मोठा मारुति म्हणून ती प्रसिद्ध आहे. तिच्या दगडांत चुंबकाचा गुण असल्याचें सांगतात.

आतां ह्या कथेचा अवघड भाग. खार निघेनासा झाला तरी गोड्या पाण्याचा उपयोग थांबला नव्हता. धारेचा ओघळ वाटींत उतरतांना गाळ आणून टाकी, त्या गाळावर केळी, पपई व भाजीपाला पिके. खाऱ्या तळ्याच्या कांठीं केळीच्या बागा, हा देखावा पाहुण्यांना मोठा गमतीचा वाटे. पण त्या बागांना घातलेलें खत व औषध कोठें जाणार? खालींच. वर गांव वाढलें, घरें कांठाला भिडलीं, न्हाणीघरांचें व मोऱ्यांचें पाणी उताराला लागलें. तें कोठें जाणार? खालींच. धारेवर स्नान करणारा यात्रेकरू साबण लावतो. तो साबणही खालींच. भोंवतालच्या शिवारांत पाझरतलाव झाले, विहिरींना पाणी वाढलें, शेतकरी सुखी झाला; त्याबरोबर वाटींत झिरपणारें पाणीही वाढलें असें अभ्यासकांचें म्हणणें आहे. ज्या भांड्याला बाहेर वाट नाहीं त्यांत जें पडतें तें राहतें, हा नियम ज्या क्षारानें लोणारास प्रसिद्धि दिली त्याला जसा लागू, तसा सांडपाण्यासही लागू.

गोडें पाणी अधिक आलें कीं खारें पाणी पातळ होतें. पाणी पातळ झालें म्हणजे त्यांत राहणारे ते विशेष जीव, जे दुसऱ्या पाण्यांत टिकूं शकत नाहींत, त्यांची जागा सामान्य जीव घेतात. सामान्य माणसास ह्यांत वाईट तें काय असें वाटेल. खारें पाणी गोडें होणें ही सुधारणाच! पण गोड्या पाण्याचीं तळीं महाराष्ट्रांत गांवोगांव आहेत, लोणार एकच आहे. उलट पाणी फार आटलें तरी तेथें नवल घडतें. सन २०२० च्या जून महिन्यांत तळ्याचा रंग एकाएकीं गुलाबी झाला. त्या वेळीं सांथीमुळें देशभर लोक घरांत बसलेले. कोणी म्हणे हा सांथीचाच अपशकुन, कोणी म्हणे लवणासुराचें रक्त पुन्हां वर आलें. वनखात्यानें पाण्याचे नमुने तपासावयास पाठविले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेस असें आढळलें, कीं पाणी कमी होऊन खारटपणा वाढल्यामुळें मिठांतच वाढणारे सूक्ष्म जंतु माजले, व त्यांच्या अंगच्या रंगद्रव्यानें पाणी गुलाबी दिसलें. पावसाळा लागला, गोडें पाणी आलें, आणि रंग ओसरला. दोन पाण्यांचें प्रमाण किती नाजूक आहे, हें शास्त्राच्या भाषेची ओळख नसलेल्यांनाही त्या महिन्यांत डोळ्यांनीं पाहावयास मिळालें.

सरकारनें सन २००० मध्यें विवराचा परिसर अभयारण्य म्हणून जाहीर केला. वाटींतली शेती बंद झाली. उतारावर माजलेली वेडी बाभूळ तोडण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. ही परदेशी बाभूळ एकदां रुजली कीं दुसऱ्या झाडास उभें राहूं देत नाहीं. सन २०२० मध्येंच रामसर येथील आंतरराष्ट्रीय कराराच्या यादींत लोणारचें नांव आलें. नाशिकजवळच्या नांदूर-मध्यमेश्वरानंतर महाराष्ट्रांतलें तें दुसरें. सांडपाणी अडवून शुद्ध करण्याच्या योजना झाल्या, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढें तळ्याच्या रक्षणाचा प्रश्न वारंवार गेला. हें सारें चांगलेंच. पण गांवकऱ्यांची बाजूही ऐकावयास हवी. ज्या वाटींत वाडवडील खार काढीत, गुरें चारीत, केळी पिकवीत, तेथें आतां पाऊल टाकतांना नियम विचारावे लागतात. कांठाजवळ घर बांधावयाचें तर परवानगी. दुकान काढावयाचें तर परवानगी. पाहुणे सकाळीं येतात, कांठावरून तळें पाहतात, छायाचित्रें काढतात आणि संध्याकाळीं छत्रपति संभाजीनगरास मुक्कामाला जातात. तळ्याचें रक्षण करण्याचा भार लोणारवर, आणि त्याच्या कीर्तीचा फायदा दुसऱ्यांस, अशी तक्रार तेथें ऐकूं येते. ती सर्वस्वीं खोटी नाहीं. दल्ल्याच्या काळांत तळें राखण्यांत गांवाचा रोकडा लाभ होता, म्हणून राखा म्हणून सांगावें लागत नसे. तसा लाभ पुन्हां कोणत्या रूपानें गांवाच्या पदरीं पडेल, ह्याचा विचार अभयारण्याच्या हद्दी आंखण्याइतकाच अगत्याचा आहे, आणि तो अजून पुरता झालेला नाहीं.

नवरात्र आलें म्हणजे मात्र वाट मोकळी होते. पहांटेच्या अंधारांत धारेखालीं स्नानें सुरू होतात; ओल्या लुगड्यांनीं बायका, खांद्यावर पोरें घेतलेले बाप, काठी टेकीत म्हातारे, अशी रांग झाडींतून उतरते. पाऊस बरा झालेला असला तर तळें चढून कमळजेच्या देवळाजवळ आलेलें असतें, सासूसुनेची विहीर पाण्यांत दडलेली असते, आणि ती कोठें आहे हें म्हातारीं माणसें पोरांना बोटानें दाखवितात. पाऊस कमी असला तर विहीर उघडी असते. मग प्रत्येक पोर दोन्हीं बाजूंचें पाणी बोटावर घेऊन चाखून पाहतें, एकदां तोंड वेडेंवांकडें करतें, आणि पुन्हां त्याच बाजूला बोट बुडवितें.